रेसिंग होमर तयारीत ठेवताना: आधी पाणी, मग दाणा, मग औषध आणि सर्वांत शेवटी टॉनिक

मिरजेत गच्चीवर मी होमर, म्हणजे लांबून सोडल्यावर घरी परत येणारी शर्यतीची कबुतरं, पाळतो. शर्यतीच्या पहिल्या मोसमात माझ्या ढाबळीत पाण्याचं एकच भांडं होतं. गुरुवारी त्यात मी घशाच्या रोगाची पावडर घातली. शुक्रवारी त्याच पाण्यात मल्टिव्हिटॅमिन आणि सफरचंदाचा सिरका ओतला, आणि कोणीतरी सांगितलं म्हणून वरून एक अँटिबायोटिकही. कबुतरं भांड्याजवळ यायची, चोच बुडवायची आणि मान झटकून मागे सरायची. पाणी कडू झालं होतं. दोन दिवस ती जेमतेम प्यायली आणि रविवारी मी अठरा कबुतरं बेळगावला सोडली. संध्याकाळपर्यंत अकरा आली. उरलेली सात आली नाहीत.

मिरजेहून बेळगाव सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर. तयारीतल्या होमरला हे अंतर काहीच नाही. ती सात कबुतरं रोगाने गेली नाहीत. सुकलेल्या अंगाने निघाली म्हणून गेली, असं मी आजही मानतो. नव्याने होमर पाळणाऱ्याला पहिल्याच महिन्यात दहा जण दहा बाटल्यांची नावं सांगतात. त्या बाटल्या घेण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमाने, ते इथे लिहितो.

सुरू करण्याआधी हे जवळ ठेवा

- एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा
- पाणी मोजायला लिटरचं मापपात्र
- पाण्याच्या भांड्यांचे दोन संच आणि ताठ केसांचा ब्रश
- प्रत्येक कबुतराच्या पायातल्या कडीचा नंबर, वजन, लस आणि औषधाची तारीख लिहायला एक वही
- शिटेचे नमुने न्यायला झाकणाच्या छोट्या डब्या
- ढाबळी झाडताना लावायचा चांगला मास्क
- आजारी किंवा नवीन आणलेल्या कबुतरासाठी वेगळा पिंजरा, ढाबळीपासून लांब

मास्क विसरू नका. कबुतरांच्या पिसांची भुकटी आणि वाळलेल्या शिटेची धूळ वर्षानुवर्षं छातीत जात राहिली तर फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते. खोकला आणि धाप सुरू झाली तर डॉक्टरांना घरी कबुतरं आहेत हे आपणहून सांगा.

1. आधी कबुतर हातात घ्यायला शिका

कबुतर तयारीत आहे की नाही, हे हाताला कळतं. रोज संध्याकाळी पाच-सहा कबुतरं हातात घ्या, म्हणजे आठवड्यात सगळी होतात. चांगलं होमर साधारण 400 ते 500 ग्रॅमचं असतं. तयारीतलं कबुतर काट्यावर तेवढंच भरतं, पण हातात कापसाच्या बोंडासारखं हलकं लागतं. पिसं रेशमी असतात आणि हाताला पांढरी भुकटी लागते. नाकावरचा फुगीर भाग खडूसारखा पांढरा असतो आणि पाय कोमट, गुलाबी असतात. छातीची पिसं फुंकर मारून बाजूला करा. आतलं मांस गुलाबीसर दिसलं तर ठीक. निळसर, काळपट दिसलं तर कबुतर थकलेलं किंवा सुकलेलं आहे.

पाणी कमी पडलंय का हे बघायला छातीच्या हाडावरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली पाहिजे. वळी तशीच राहिली, डोळे आत गेल्यासारखे वाटले किंवा तोंड उघडल्यावर आतली लाळ तारेसारखी ताणली गेली, तर त्या कबुतराला त्या दिवशी सोडायला न्यायच्या टोपलीत घालू नका.

सकाळी ढाबळीच्या फरशीवर बारीक पांढरी लव पडलेली दिसली तर मनाला बरं वाटतं. मोसमात ती तयारीची खूण असते.

2. तुमची कबुतरं किती पाणी पितात, ते मोजा

हे कोणी करत नाही, पण सगळ्यात उपयोगी काम हेच आहे. एक कबुतर दिवसाला साधारण 30 ते 60 मिलिलिटर पाणी पितं. उन्हाळ्यात आणि पिल्लं भरवत असताना त्याहून बरंच जास्त. पण तुमच्या गच्चीवर, तुमच्या दाण्यावर, या महिन्यात ती किती पितात हे मोजल्याशिवाय कळणार नाही.

दोन सारखी भांडी घ्या आणि दोन्हींत मोजून दोन-दोन लिटर पाणी भरा. एक कबुतरांसमोर ठेवा. दुसरं तिथेच, पण जाळीच्या आड, त्यांची चोच पोचणार नाही असं. संध्याकाळी दोन्ही मोजा. समजा पहिल्यात 600 उरलं आणि दुसऱ्यात 1800. मग पहिल्यातून 1400 कमी झालं, त्यातलं 200 नुसतं उडून गेलं आणि कबुतरं 1200 प्यायली. 24 कबुतरं असतील तर प्रत्येकी 50. तीन दिवस असं करा, आकडा वहीत लिहा आणि त्या दिवशीचं तापमानही लिहा.

या आकड्याशिवाय पाण्यातून दिलेलं कोणतंही औषध अंदाजपंचे असतं. पुडीवर एक लिटरला अमुक इतकं असं लिहिलेलं असतं. जानेवारीत तुमची कबुतरं प्रत्येकी 35 मिलिलिटर पितात आणि एप्रिलच्या रखरखीत दुपारी 80. पाणी तेच, पुडी तीच, पण एप्रिलमध्ये पोटात गेलेलं औषध दुपटीहून जास्त. घशाच्या रोगाच्या औषधांत हा फरक जिवावर बेततो. डोस वाढला की कबुतर लटपटतं आणि त्याचा तोल जातो. म्हणून डॉक्टरांकडून डोस घेताना कबुतरांची संख्या, सरासरी वजन आणि रोजचं पाणी हे तिन्ही आकडे त्यांना द्या.

3. भांडं आतून बोटाने तपासा

भरलेल्या भांड्याच्या आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. गुळगुळीत, बुळबुळीत लागलं तर तो जंतूंचा थर आहे. पाणी वरून कितीही स्वच्छ दिसो. कबुतर इतर पक्ष्यांसारखं घोट घेऊन मान वर करत नाही. ते चोच बुडवून ठेवतं आणि ओढून पितं. त्यामुळे आजारी कबुतराच्या तोंडातलं सगळं थेट पाण्यात उतरतं. घशाचा रोग असाच पसरतो.

- पाणी दिवसातून दोनदा बदला, उन्हाळ्यात तीनदा.
- एक संच वापरात असताना दुसरा घासून उलटा करून कडक उन्हात वाळू द्या. नुसतं विसळून चालत नाही.
- मातीचं भांडं पाणी गार ठेवतं, पण त्याच्या छिद्रांत थर लवकर बसतो. वापरत असाल तर रोज घासा.
- भांडं सावलीत आणि उंचावर, बसायच्या फळ्यांखाली येणार नाही असं ठेवा. वरून शीट पडते.
- व्हिटॅमिन घातलेलं पाणी चार-पाच तासांत फेकून द्या. उन्हात व्हिटॅमिन नासतं आणि गोडसर पाण्यात जंतू झपाट्याने वाढतात.
- नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर प्रोबायोटिक त्यात घालू नका. क्लोरीन त्यातले उपयोगी जंतूही मारतं.

सफरचंदाचा सिरका बरेच जण वापरतात, मीही वापरतो. लिटरला 5 मिलिलिटर, आठवड्यातून एक-दोन दिवस, त्याहून जास्त नाही. पण जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या भांड्यात सिरका किंवा लिंबू कधीही घालू नका. आंबट पाण्यात जस्त उतरतं आणि कबुतरांना विषबाधा होते. प्लॅस्टिक, काच किंवा चिनी मातीचं भांडं घ्या.

आठवड्यातून एकदा परातीत अंघोळीचं पाणी ठेवा, तासाभराने उचला. ते घाण पाणी कबुतरं पितात, म्हणून दिवसभर ठेवू नका. टोपलीत घालण्याच्या आदल्या दिवशी अंघोळ नको.

4. दाणा: टॉनिकच्या आधी इथे पैसे घाला

एका होमरला दिवसाला 30 ते 35 ग्रॅम दाणा पुरतो. माझं रोजचं मिश्रण साधारण असं आहे: मका 30 टक्के, ज्वारी आणि बाजरी मिळून 20, वाटाणा, मूग, मसूर मिळून 25, करडई 10, गहू 10, बाकी साळ. तुमच्याकडे जे स्वच्छ आणि कोरडं मिळतं त्याप्रमाणे कमी-जास्त करा. थोडा जव, म्हणजे सातू, हाताशी ठेवा. कबुतरांना तो सर्वांत कमी आवडतो. ताटात जव मागे राहायला लागला की पोट भरलं असं समजून ताट उचला.

लांब उडताना कबुतर मुख्यतः अंगातली चरबी जाळतं. म्हणून मोसमात आठवड्याच्या सुरुवातीला हलका दाणा, ज्वारी-जव जास्त, आणि शेवटच्या दोन-तीन दिवसांत करडई आणि शेंगदाणे. 300 किलोमीटरच्या पुढच्या अंतरासाठी मी शेवटच्या दोन संध्याकाळी प्रत्येकी आठ-दहा कच्चे, बिनमिठाचे शेंगदाणे देतो. शंभर किलोमीटरसाठी याची गरज नाही. उगाच जड होतं.

शेंगदाण्याबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगतो. पोतं उघडल्यावर मूठभर दाणे घेऊन प्रत्येकाची दोन शकलं करा आणि मधली खोबणी उजेडात बघा. हिरवट-पिवळी भुकटी, काळा डाग किंवा कुबट वास आला तर ते पोतं कबुतरांना नको. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही आणि थेट यकृतावर बसतं. वरून दाणा गुलाबी, टपोरा असतो आणि आत बुरशी असते. मक्याचंही तसंच. पावसाळ्यात महिन्याचा साठा करू नका, आठवड्याचा आणा.

ग्रिट बारा महिने समोर असलं पाहिजे: कोकणातून आणलेल्या शिंपल्यांचा चुरा, जाड वाळू, विटेचे बारीक तुकडे, थोडा कोळसा, चिमूटभर मीठ. दमट हवेत ते ओलं होतं, तेव्हा फेकून नवं घाला.

5. टोपलीत पाणी प्यायला आधी घरी शिकवा

ढाबळीत भरपूर पाणी पिणारं कबुतर टोपलीत तहानलेलं बसून राहू शकतं, कारण बाहेरून अडकवलेल्या पन्हाळीत पाणी असतं हे त्याला माहीतच नसतं. पिल्लं उडायला लागली की दोन-तीन वेळा रात्रभर घरीच टोपलीत ठेवा, बाहेर पन्हाळ लावा, थोडा दाणा पन्हाळीतच टाका. दाणा शोधताना चोच पाण्यात जाते आणि शिकतात.

मिरजेहून दक्षिणेला मी अंतर असं वाढवतो: 5, 10, 20 किलोमीटर, मग चिकोडी (सरळ रेषेत सुमारे 45), बेळगाव (110), धारवाड (155) आणि शेवटी दावणगेरे (सुमारे 300). प्रत्येक टप्प्यावर कबुतरं ताजीतवानी आली तरच पुढचा टप्पा.

प्रवासात गाडीची डिकी बंद ठेवू नका. कबुतराला घामाच्या ग्रंथी नसतात. ते चोच उघडून, गळा थरथरवून अंगातली उष्णता बाहेर टाकतं, आणि त्यात पाणी जातं. म्हणजे बंद डिकीत दोन तास बसलेलं कबुतर उडायच्या आधीच अर्धं सुकलेलं असतं. पोचल्यावर सावलीत टोपल्या मांडा, पाणी द्या, सगळी प्यायली का बघा आणि तासाभराने सोडा. सोडण्याआधी दाणा नको. सकाळी लवकर सोडा. मार्चनंतर उशीर झाला तर त्या दिवशी सोडूच नका, परत घेऊन या. पेट्रोल वाया गेल्याचं दुःख कबुतर गेल्याच्या दुःखापेक्षा फार लहान असतं.

6. परत आल्यावरचे पहिले चोवीस तास

इलेक्ट्रोलाइटची खरी गरज इथे असते. रोज देण्याची ही गोष्ट नाही. माणसांचं ओआरएस, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, प्रत्येक औषध दुकानात मिळतं. 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. मी ती दोन लिटरमध्ये विरघळवतो, म्हणजे निम्म्या ताकदीची. बाटलीबंद तयार गोड पेय घेऊ नका, पुडीवर एक लिटरचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या.

क्रम असा:

- कबुतर उतरताच कोमटसर ओआरएसचं पाणी. शेजारच्या भांड्यात साधं पाणी असलंच पाहिजे. पक्ष्यांना जास्त मीठ सोसत नाही आणि निवड करू दिली तर कबुतर बरोबर निवडतं.
- पहिला अर्धा तास दाणा नको. सुकलेल्या कबुतराने कोरडा दाणा गळ्याखालच्या पिशवीत भरला की तो तिथेच अडकून आंबतो.
- मग मूठभर हलका दाणा: ज्वारी, बाजरी, थोडे तांदूळ.
- दोन-तीन तासांनी ओआरएस उचलून फक्त साधं पाणी.
- संध्याकाळी नेहमीचं मिश्रण, त्यात मूग-मसूर जरा जास्त. झिजलेला स्नायू भरून यायला प्रथिनं लागतात.
- दुसऱ्या दिवशी अंघोळ आणि आराम. बी कॉम्प्लेक्स द्यायचं असेल तर याच दिवशी.

आल्याबरोबर आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वजन करा. दावणगेरेहून आलेलं माझं कबुतर जाताना होतं त्याहून 30-40 ग्रॅम कमी भरतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यातलं निम्म्याहून जास्त भरून आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या आठवड्यात त्याला घरी ठेवा.

एखादं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं, इतकं गळालेलं की भांड्यापर्यंत चालत नाही. त्याच्या तोंडात पाणी ओतू नका. श्वासाची वाट जिभेच्या मुळाशीच असते, पाणी थेट फुप्फुसात जातं. त्याला दोन्ही हातांत उभं धरा आणि चोचीचं टोक कोमट ओआरएसमध्ये बुडवा, नाकपुड्या पाण्याबाहेर राहतील एवढंच. थोडा वेळ काही होणार नाही. मग गळा हलायला लागतो आणि हाताला तो घोट जाणवतो. दोन-चार घोट झाले की थांबा, दहा मिनिटांनी पुन्हा. अंधाऱ्या, उबदार खोक्यात ठेवा. दाणा काही तासांनी.

7. औषधाआधी शीट वाचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा

निरोगी शीट लहान, गोळीसारखी, तपकिरी, वर पांढरी टोपी. तयारीतल्या कबुतराच्या शिटेला कधी बारीक लव चिकटलेली असते. हिरवी, पातळ, वास येणारी शीट दिसली की नवा माणूस धावत औषध आणतो. थांबा. टोपलीतून आल्यावर, दाणा बदलल्यावर, उपाशी राहिल्यावर एक दिवस शीट हिरवी होतेच. दोन दिवस टिकली तर तपासणी करा.

सकाळची ताजी शीट, तीन-चार दिवसांची आणि वेगवेगळ्या कबुतरांची, डबीत भरून पशुवैद्यकाकडे न्या. जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले एकपेशी परजीवी) त्यात दिसतात. घशाच्या रोगासाठी मात्र शीट चालत नाही. घशातला ओला नमुना लगेच बघावा लागतो, कारण थंड झाल्यावर हा रोग आणणारे सूक्ष्म जीव मरतात. त्यासाठी कबुतरच घेऊन जा. जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात सूक्ष्मदर्शक असतो. आमच्या भागातून शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा मुंबईकरांना परळचं महाविद्यालय हेही मार्ग आहेत. गाय-म्हैस बघणाऱ्या डॉक्टरांना कबुतराचा सराव नसतो, पण तपासून घ्यायला आग्रह धरा.

8. नेहमीचे रोग आणि औषधांचे सापळे

घशाचा रोग: तोंडात, घशात पिवळट, पनीरासारखा थर. तो खरवडू नका, रक्तस्राव होतो. मेट्रोनिडाझोल किंवा रोनिडाझोल डॉक्टरांनी दिलेल्या डोसने, पूर्ण दिवस, सगळ्या ढाबळीला एकाच वेळी.

कॉक्सिडिया: हिरवट पातळ शीट, वजन उतरतं. अँप्रोलियम दिलं तर त्या दिवसांत बी 1 असलेलं व्हिटॅमिन बंद ठेवा. हे औषध बी 1 ची वाट अडवूनच काम करतं, दोन्ही एकत्र दिली तर दोन्ही वाया. फरशी कोरडी ठेवणं हा निम्मा उपचार, कारण याची अंडी ओलीतच पिकतात.

जंत: इथे मोठा सापळा आहे. कुत्र्या-शेळ्यांना सर्रास देतात ते फेनबेंडाझोल कबुतरांना देऊ नका. त्याने वाढती पिसं वाकडी, खुरटी येतात आणि रक्त तयार होण्यावर परिणाम होतो. लेव्हामिसोलने उलट्या होतात, म्हणून ते शर्यतीच्या आठवड्यात नको. कोणतं द्यायचं ते डॉक्टरांशी बोलूनच.

एका डोळ्यातून पाणी, नाकावरचा भाग मळकट, चढताना धाप: श्वसनाचा विकार. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू झालं तर ते दिवस ग्रिट आणि शिंपल्यांचा चुरा उचलून ठेवा. कॅल्शियम त्या औषधाला बांधून ठेवतं आणि ते अंगात जातच नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एक पूर्ण कोर्स वाया गेला आणि मला वाटलं औषधच बनावट आहे. या विकारातला एक जंतू माणसालाही लागतो, म्हणून मास्क आणि हात धुणं.

पिसांत तुरुतुरु पळणारी चपटी माशी दिसली तर दुर्लक्ष करू नका. ती रक्त पिते आणि कबुतरांचा मलेरियासारखा रोग पसरवते. असं कबुतर घरी धडधाकट दिसतं आणि लांब अंतरावर मागे पडतं. घरट्यातला कचरा काढून जाळा, फटी बुजवा.

अँटिबायोटिक संपल्यावर तीन-चार दिवस प्रोबायोटिक आणि बी कॉम्प्लेक्स द्या. औषध चालू असताना शर्यतीला सोडू नका.

9. लस: मोसमाच्या किमान महिनाभर आधी

शीट म्हणजे पाण्याचं थारोळं, दाणा टिपताना नेम चुकतो, मग मान पिळवटते. हा पॅरामिक्झो विषाणू, कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या घरातला. त्यावर औषध नाही, लसच. कबुतरांची निष्क्रिय लस मिळाली तर उत्तम. ती मानेच्या मुळाशी, पाठीकडच्या बाजूला कातडीखाली टोचतात, डोक्याजवळ कधीही नाही. ती मिळत नाही म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण कोंबड्यांची लासोटा डोळ्यात घालतात. काय वापरायचं ते डॉक्टर ठरवतील.

लासोटाची कुपी शेकडो डोसांची असते आणि विरघळवल्यावर साधारण दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आम्ही आजूबाजूचे चार-पाच जण एकच दिवस ठरवतो. कुपी दुकानापासून बर्फाच्या थर्मासमध्येच आली पाहिजे. उन्हात पिशवीतून आणलेली लस म्हणजे नुसतं पाणी. तारीख आणि कुपीचा बॅच नंबर वहीत लिहा. कबुतरांच्या देवीची लस मांडीची चार पिसं उपटून ब्रशने लावतात. डासांचा मोसम सुरू होण्याआधी ती द्यावी.

10. आता टॉनिक

एवढं सगळं जागेवर असेल तर टॉनिकची यादी फार छोटी राहते. लांब उड्डाणानंतर इलेक्ट्रोलाइट. पिसं झडताना आणि औषधानंतर व्हिटॅमिन, आठवड्यातून एकदा. ए, डी 3 आणि ई ही चरबीत विरघळणारी व्हिटॅमिनं अंगात साठतात, रोज दिली तर फायद्याऐवजी अपाय. ब्रुअर्स यीस्टची भुकटी दाण्याला चमचाभर करडईच्या तेलाने चिकटवून द्यायला सोपं. लसूण थोडा, कधीतरी. रोज पाण्यात ठेचून घालू नका, जास्त झाला तर रक्ताच्या पेशी फुटतात.

एका दिवशी पाण्यात एकच गोष्ट. आणि मोसमात आठवड्यातले किमान चार दिवस निव्वळ साधं पाणी.

11. हे कधीही नाही

शर्यतीच्या कबुतरांत पैसा आला आहे. बेल्जियमची न्यू किम ही मादी 2020 मध्ये 16 लाख युरोंना विकली गेली. पैशाबरोबर वाकडी वाटही येते. 2013 मध्ये बेल्जियमच्या 20 कबुतरांचे नमुने दक्षिण आफ्रिकेतल्या प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा सहांत बंदी असलेली द्रव्यं सापडली. एकात कोकेन, पाचांत वेदनाशामक.

आपल्याकडे हे कोकेनच्या रूपात येत नाही. ते औषध दुकानातल्या स्टिरॉइडच्या डोळ्यांच्या थेंबांतून येतं. पिसं झडणं थांबतं म्हणून कोणीतरी ते सुचवतं. त्याने रोगाशी लढण्याची ताकदच खचते. आणि डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाला तर हातही लावू नका. जनावरांना दिलेल्या याच औषधाने आपली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली, आणि 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. दुखऱ्या पंखाला विश्रांती द्या.

12. मोसम संपल्यावर

एप्रिलनंतर टोपल्या धुऊन उन्हात टाका. पावसाळ्यात पंखांची मोठी पिसं एकेक करून झडतात. त्या काळात गोळ्या-औषधं शक्य तितकी टाळा, कारण तेव्हा पडलेला ताण पिसावर आडव्या रेघेसारखा उमटतो आणि ते पीस पुढच्या मोसमात तिथेच मोडतं. दाण्यात चिमूटभर जवस आणि थोडी जास्त डाळ घाला, अंघोळीचं पाणी आठवड्यातून दोनदा ठेवा. दिवाळीच्या सुमारास प्रत्येक कबुतराचा पंख उघडून उजेडासमोर धरा आणि शेवटचं दहावं पीस पूर्ण वाढलंय का बघा. मुळाशी अजून रक्ताची नळी दिसत असेल तर त्याच्या नावापुढे वहीत खूण करा आणि बाकीच्यांना 5 किलोमीटरवर न्या.